बँकॉक दोन दिवसात कसं बघायचं

पहिलं म्हणजे सुवर्णभूमी विमानतळावरून टॅक्सी नको, एअरपोर्ट रेल लिंक पकडा आणि फाया थाईला उतरून स्कायट्रेन घ्या, इथलं ट्रॅफिक खरंच भयानक आहे.

सकाळी साडेआठला ग्रँड पॅलेस उघडतो तेव्हाच पोचा, उन्हात नंतर हाल होतात. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. बाहेर कोणी रिक्षावाला म्हणाला आज पॅलेस बंद आहे तर ऐकू नका, सरळ गेटवर जा. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जुनी राजधानी अयुथ्या उद्ध्वस्त केली, मग काही वर्षं नदीपलीकडचं थोनबुरी राजधानी होतं आणि १७८२ मध्ये राजा पहिला राम याने नदीच्या या काठावर राजधानी आणली, ती ही. आतल्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय, थाई लोक त्याला रामाकियन म्हणतात, आपल्या माणसाने तिथे निदान एक तास तरी द्यायलाच हवा, हनुमान शोधत फिरा, मस्त वाटतं!

तिथून चालत वाट फो (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ), ४६ मीटर लांब पहुडलेला बुद्ध. मग था तियेन धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुण, अरुण म्हणजे आपलाच अरुण.

दुसरा दिवस शनिवार-रविवार असेल तर चतुचक मार्केट, नाहीतर सियाम भागातले मॉल. १९९७ मध्ये बात, म्हणजे थायलंडचं चलन, कोसळला आणि आशियातल्या बऱ्याच देशांत मंदी आली, तेच हे शहर, आज पर्यटनावर कितीजणांचं पोट चालतं ते रात्री याओवारातच्या, म्हणजे इथल्या चायनाटाउनच्या, खाऊगल्लीत दिसेल. शाकाहारी असाल तर 'जे' हा थाई शब्द पाठच करा, म्हणजे मांस-मासे नसलेलं जेवण.