टाइल्स निवडताना या चुका टाळा: आधी पाणी आणि माप, मग रंग

टाइलच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "हॉलसाठी दाखवू की बाथरूमसाठी?" प्रश्न अगदी बरोबर असतो. त्याचं उत्तर नीट न देता आपणच दहा मिनिटांत इटालियन मार्बलसारख्या दिसणाऱ्या चकचकीत टाइलपुढे उभे राहतो. पुढे वर्षभरात ज्या तक्रारी ऐकू येतात त्या म्हणजे पाय घसरतो, पाणी जाळीकडे जात नाही, कोपरा पोकळ वाजतो, सांधे काळे पडले. रंग चुकला असं म्हणणारे त्यात फार थोडे.

भिंतीची टाइल जमिनीवर

दुकानात सगळ्या टाइल्स उभ्याच लावलेल्या असतात, म्हणून हा घोळ होतो. भिंतीची सिरॅमिक टाइल सच्छिद्र असते, ती वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकते. भिंतीवर त्याने काही बिघडत नाही, उलट सिमेंट तिला चांगलं धरतं. जमिनीवर मात्र कुकरचं झाकण पडलं तरी तिचा टवका उडतो. जमिनीला वापरतात त्या घट्ट भाजलेल्या व्हिट्रिफाइड टाइलचं पाणी शोषण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असतं. शंका असेल तर टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचे दोन थेंब टाका. भिंतीची टाइल ते पिऊन टाकते, व्हिट्रिफाइडवर थेंब तसेच राहतात. दुकानदार यासाठी सहसा नाही म्हणत नाही.

व्हिट्रिफाइडमध्येही दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. डबल चार्ज टाइलमध्ये रंगाचा थर ३-४ मिलिमीटर जाड असतो, म्हणून बारीक ओरखडा उठून दिसत नाही. जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड) किंवा पीजीव्हीटीवर (तीच, पॉलिश केलेली) छापील डिझाइन असतं आणि त्यावर काचेसारखा थर. दिसायला ती सुंदर, पण दारातून रेती-माती येत असेल तर चालण्याच्या वाटेवर दोन-तीन वर्षांत तिची चकाकी उतरते. मला विचाराल तर जिन्याला आणि मुख्य दारालगत हाय ग्लॉस लावूच नये, मग दुकानातला माणूस काहीही सांगो.

ओल्या जागेची टाइल कोरडी बघणं

दुकानातली टाइल कोरडी आणि आपल्या पायात चपला. बाथरूममधली टाइल साबणाच्या पाण्याने ओली आणि पाय अनवाणी. म्हणून नमुना घरी आणा, त्यावर साबणाचं पाणी ओता आणि अनवाणी उभं राहून बघा. घरात आजी-आजोबा असतील तर ही चाचणी टाळूच नका.

घसरणीसाठी बऱ्याच कंपन्या आर९ ते आर१३ असा आकडा देतात, आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. घरच्या बाथरूमला आर१० पुरेसा होतो. कोकणात पडवी, अंगण आणि बाहेरच्या पायऱ्या पावसाळाभर ओल्या राहतात, शेवाळ धरतं, तिथे आर११ किंवा पुढचं घ्या. मात्र सगळीकडे खरखरीतच घेतलं तर साबणाचा थर आणि तांबडी माती त्या खरखरीतपणात अडकून बसते आणि रोज ब्रश घेऊन बसावं लागतं.

बाथरूमची दुसरी चूक मोठ्या टाइलची. जमिनीचा ढाळ जाळीकडे साधारण ८० ते १०० ला १ हवा, म्हणजे सहा फुटांत पाऊण ते एक इंच. जाळी कोपऱ्यात असेल तर ढाळ दोन दिशांनी उतरतो, आणि २×४ फुटांची सपाट टाइल दोन दिशांना वाकत नाही. मग मिस्त्री एक तर ढाळ कमी करतो, नाहीतर टाइल तिरकी कापतो. बाथरूमच्या जमिनीला १×१ फुटाची टाइल जुनाट वाटते खरी, पण पाणी निघून जातं. मोठी टाइल हवीच असेल तर भिंतीच्या कडेला लांब पट्टीची जाळी घ्या. तेव्हा ढाळ एकाच दिशेने द्यावा लागतो.

'दोन बाय दोन' दोन फुटांची नसते

हा हिशेब फारसं कोणी करत नाही. बाजारात जिला २×२ म्हणतात ती ६०० मिलिमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. १०×१२ फुटांची खोली धरा. कागदावर पाच गुणिले सहा, म्हणजे तीस टाइल्स. प्रत्यक्षात १० फुटांत पाच टाइल्स आणि सांधे बसवून दीड इंचाच्या आतबाहेर जागा उरते, १२ फुटांत पावणेदोन इंच. म्हणजे दोन भिंतींना लागून चिंचोळी कापट्टी, म्हणजे कापलेल्या टाइलची पट्टी येणार. स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावतात त्या पट्टीखाली, ती लपत नाही. ती दारासमोर आली तर रोज डोळ्यांत खुपते.

'मधून सुरुवात करा, दोन्ही कडांना सारखे तुकडे येतील' हा सल्ला सर्रास दिला जातो. दिसायला ते छानच, पण इथे प्रत्येक तुकडा फुटाहून जरा मोठा येतो, आणि एका टाइलमधून असा एकच तुकडा निघतो. त्या खोलीला मग ४२ टाइल्स लागतात. कापट्टी एका बाजूला टाकली तर ३२मध्ये भागतं. बेडरूममध्ये मी पूर्ण टाइल दाराकडून सुरू करून पट्टी कपाटाखाली घालवेन. हॉलमध्ये मात्र जास्तीच्या टाइल्सचा खर्च करावा. काहीही ठरवा, पण खोलीचा कागदी आराखडा काढून मिस्त्रीशी बोलल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

बॉक्सवरचं क्षेत्रफळ वाचा. ६००×६०० च्या चार टाइल्सचा बॉक्स १.४४ चौरस मीटरचा, म्हणजे साडेपंधरा चौरस फुटांचा असतो, सोळाचा नाही. सरळ कामाला ५ ते १० टक्के जास्त धरतात, तिरप्या मांडणीला १५ पर्यंत.

बॉक्स न तपासता माल उतरवणं

भारतातल्या बहुतेक टाइल्स गुजरातमधल्या मोरबीच्या कारखान्यांतून येतात. तिथून एकाच डिझाइनचा माल प्रीमियम, स्टँडर्ड, कमर्शियल अशा प्रतींमध्ये निघतो आणि प्रत बॉक्सवर छापलेली असते. बिलावर प्रीमियम आणि टेम्पोत स्टँडर्ड असं होऊ शकतं, तेव्हा टेम्पो उभा असतानाच बघा. शेड नंबर आणि बॅच नंबर सगळ्या बॉक्सवर एकच हवेत. 'कमी पडले तर नंतर आणू' म्हणणाऱ्याला तोच शेड क्वचितच मिळतो. एक बॉक्स जादा घेऊन माळ्यावर टाका, विशेषतः बाथरूमच्या हायलायटरचा (भिंतीवर मधेमधे लावतात त्या नक्षीच्या टाइलचा), कारण ती डिझाइनं वर्षभरात बंद होतात.

मार्बल डिझाइनमध्ये किती वेगवेगळे छाप आहेत तेही विचारा. चारच असतील तर तीच शीर हॉलभर ठराविक अंतराने दिसत राहते. तीन-चार बॉक्स एकदम उघडून, मिसळून, कोरड्याच मांडून बघितलं की अर्धा त्रास वाचतो. त्याच वेळी दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून वाक तपासा. लांब टाइलला मध्यभागी थोडा वाक असतोच, म्हणून २×४ ची टाइल विटांसारखी अर्ध्यावर मांडू नये, एकाचा मध्य दुसऱ्याच्या कडेशी येतो आणि पायाला धार लागते. एक तृतीयांशावर मांडा.

बसवण्याच्या चुका

व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळाने ती भिंतीवर धरून राहत नाही. टाइल अॅडेसिव्ह त्यासाठीच आहे. त्याचं भारतीय मानक आयएस १५४७७, पिशवीवर त्यातला टाइप बघून घ्या. अॅडेसिव्ह आणलं तरी मिस्त्री टाइलच्या पाठीला पाच गोळे मारून ती चिकटवतो, हे सगळ्यात जास्त दिसतं. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते, तिथेच ड्रिलचं बिट लागलं की टाइल तडकते. दातेरी थापीने पूर्ण पाठ माखायला सांगा आणि एखादी ताजी टाइल उचलून बघा.

आणि सांधा. 'जॉइंट दिसायला नको' म्हणून टाइलला टाइल चिकटवून लावू नका, मधे किमान २ मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे फट राखणारे तुकडे हवेत. भिंतीच्या कडेला स्कर्टिंगखाली थोडी मोकळी जागा सोडायची, तिथे सिमेंटचा माल भरायचा नाही.

बसवून झालं, आता त्रास होतोय

टाइल्सची रांग तंबूसारखी वर आली, कधी फटाक्यासारखा आवाज होऊन: सांधे न सोडल्याचा हा परिणाम. तापमान बदललं की टाइल प्रसरण पावते, खालचं काँक्रीट आकसतं, आणि ताणाला वाट नसते. वरून वजन ठेवून दाबू नका, खाली घोळही ओतू नका. ती रांग काढून, जुना माल खरवडून, भिंतीकडची फट मोकळी करून सांध्यांसह पुन्हा लावावी लागते.

एखादा कोपरा पोकळ वाजतो: बेडरूममध्ये असेल तर सोडून द्या. स्वयंपाकघरात सिलिंडर ओढायच्या वाटेवर असेल तर बदला.

सांध्यांतून पांढरी भुकटी येते: ते क्षार आहेत, खालून ओल वर येते आहे. बोअरिंगच्या पाण्याचे डाग वेगळे, ते टाइलच्या वर बसतात आणि गडद चकचकीत टाइलवर जास्त दिसतात. दोन्हींसाठी घराघरांत अॅसिड ओततात. डाग जातो, पण सांध्यांत भरलेला सिमेंटचा ग्राउटही झिजतो. ओट्यामागच्या भिंतीला, जिथे हळद-तेल उडतं, आणि बाथरूमला सुरुवातीलाच सिमेंटऐवजी इपॉक्सी (रेझिनचा) ग्राउट वापरलेला बरा.

खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली: बहुतेक जण वरून नवा ग्राउट भरून घेतात. महिनाभर बरं वाटतं. टाइल आणि ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, तो थर त्यांच्या खाली असतो, आणि तो फुटला असेल तर टाइल काढूनच दुरुस्ती होते. ती करताना नवीन थर वाळल्यावर जाळी बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा, खालच्यांच्या घरी जाऊन छत बघून या, आणि मगच मिस्त्रीला टाइलचा बॉक्स उघडू द्या.