‘हार्ट’ जपानीत नेताना

इंग्रजीतला ‘हार्ट’ हा एकच शब्द छातीतल्या अवयवालाही चालतो आणि माणसाच्या अंतःकरणालाही. जपानी भाषेत मात्र या दोन अर्थांची घरे वेगळी आहेत. त्यामुळे शब्दकोश उघडण्याआधी ते वाक्य डॉक्टर बोलतो आहे की प्रियकर, हे ठरवून घ्यावे. अवयवाला ‘शिन्झो’ म्हणतात. भावना, विचार आणि इच्छा जिथे एकत्र नांदतात ते ‘कोकोरो’. हृदयविकाराच्या रुग्णाचे ‘शिन्झो’ कमकुवत असते, निर्दय माणसाला ‘कोकोरो’ नसते.

खरी फसगत पुढे होते. शूर नायकाचे ‘स्ट्राँग हार्ट’ शब्दशः ‘शिन्झो गा त्सुयोइ’ असे केले, तर जपानी वाचकाला तो नायक निर्ढावलेला वाटेल, कारण त्या भाषेत या शब्दप्रयोगाचा रूढ अर्थ तोच आहे. धैर्यासाठी ‘किमो’, म्हणजे यकृत, हाताशी घ्यावे: ‘किमो गा फुतोइ’, शब्दशः ‘यकृत जाड आहे’, म्हणजे माणूस धाडसी आहे. आपल्याला हे परके वाटू नये. ‘वाघाचे काळीज’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेतही काळीज म्हणजे यकृत आणि हृदय दोन्ही. तसेच ‘मुने गा इप्पाइ’ हे थेट आपले ‘ऊर भरून येणे’ आहे, कारण ‘मुने’ म्हणजे छाती. ‘लर्निंग बाय हार्ट’ला यातला कोणताच शब्द लागत नाही, तिथे पाठांतराचा ‘आन्की’ वापरावा.

सर्वांत अवघड वाक्य ते, ज्यात लेखकाने दोन्ही अर्थ मुद्दाम एकत्र विणलेले असतात. उदाहरणार्थ, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या हाती प्रेयसीचे ‘हार्ट’ असते. इथे जपानी लिपी मदतीला येते. ‘कोकोरो’चे चार रेघांचे चिन्हच ‘शिन्झो’ या शब्दाचे पहिले अक्षर आहे, फक्त तिथे त्याचा उच्चार ‘शिन’ होतो. म्हणून ‘शिन्झो’ची दोन चिन्हे लिहून त्यांच्या शेजारी बारीक ‘काना’ म्हणजे उच्चारदर्शक जपानी अक्षरांत ‘कोकोरो’ असा उच्चार छापता येतो. मांगा चित्रकथांत आणि गीतांत ही युक्ती सर्रास दिसते. डोळ्यांना अवयव दिसतो, मनात अंतःकरण वाचले जाते. मजकूर फक्त ऐकवायचा असेल, तर हा आधार राहत नाही. अशा वेळी पहिल्या वाक्यात ‘शिन्झो’ ठेवून लगेच पुढच्या वाक्यात ‘कोकोरो’ आणावे, आणि दोहोंच्या मध्ये तिसरे वाक्य येऊ देऊ नये.