ओल्ड कोर्सवर पहिल्यांदा खेळताय? मग हे करा

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या या गोल्फ मैदानाचा टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) मिळाला की आधी कॅडी (बॅग उचलणारा, मैदान माहीत असलेला मदतनीस) बुक करा, तिथे पैसे वाचवू नका, कारण 112 बंकर (वाळूचे खड्डे) आहेत आणि टीवरून (जिथून होलचा पहिला फटका मारतात तिथून) त्यातले कितीतरी दिसतच नाहीत. शंका असेल तर डावीकडे मारा, उजवीकडे काटेरी झुडपं नाहीतर आउट ऑफ बाउंड्स (मैदानाच्या हद्दीबाहेर).

पॉट बंकरमध्ये (लहान, खोल, उभ्या कडांच्या बंकरमध्ये) गेलात तर झेंड्याकडे बघूच नका, आडवा किंवा चक्क मागे काढा, एक शॉट जातो पण होल वाचतं. 7 ग्रीन (झेंड्याभोवतालची बारीक गवताची जागा) दोन-दोन होल्समध्ये वाटलेली आहेत म्हणून समोरचा झेंडा आपलाच आहे ना ते आधी विचारा.

17वं होल खरंच अवघड, पार 4 (म्हणजे 4 फटक्यांत संपवायचं) पण ओपन चॅम्पियनशिपच्या टीवरून 495 यार्ड, ग्रीनला चिकटून खोल बंकर आणि मागे रस्ता, त्या रस्त्यावरून फुकट ड्रॉप (दंड न लागता बॉल हलवायची सूट) मिळत नाही, बॉल आहे तिथूनच खेळायचा, त्यामुळे आपण हौशी लोकांनी ग्रीनच्या अलीकडे उजव्या बाजूला थांबून चिप (ग्रीनवर टाकायचा छोटा फटका) करावी, बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) म्हणजे मस्त स्कोर.

आणि हो, बॉल शोधायला 2019 पासून 3च मिनिटं मिळतात, डाउट आला की लगेच प्रोव्हिजनल (पहिला सापडला नाही तर म्हणून दुसरा बॉल) मारा.