दिव्यांग म्हणून ऑफिसात सोयीसाठी मेल लिहिताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलेय)

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू कामातून जातो, बहुतेकांचं आधी अंधारातलं दिसणं जातं, मग बाजूचं. पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, शिफ्ट अकरा ते साडेसात, आणि थंडीत सहा वाजताच अंधार पडतो म्हटल्यावर पुढचं सांगायला नको.

पहिली चूक, वर्षभर मी फक्त तोंडी बोलत राहिले. कँटीनमध्ये चहा पिताना मॅनेजर म्हणायचे "हो हो, बघू आपण", मग त्यांची बदली झाली आणि नवीन साहेबांना यातलं काहीच माहीत नाही. तोंडी बोलणं झालं तरी त्याच दिवशी "आज आपलं बोलणं झाल्याप्रमाणे" असं लिहून दोन ओळींचा मेल टाकायचा, एचआरला सीसी करून.

मग मी मेल लिहिला, पण कसा, तर दीड पानी. आजीलाही असंच होतं इथपासून सुरुवात, कुठल्या कुठल्या डॉक्टरांना दाखवलं ते सगळं, आणि शेवटी "आपण सहानुभूतीपूर्वक विचार करावा ही नम्र विनंती". एचआरचं उत्तर आलं, "नोटेड". बास. अडीच महिने मी चिडून बसले, शेवटी शेजारच्या टेबलवरच्या ताईंना मेल दाखवला तर त्या म्हणाल्या, "अगं पण तू मागितलंयस काय?" खरंच की, अख्ख्या मेलमध्ये एकही मागणी नव्हती!

दुसरा मेल असा गेला: "मला अंधारात दिसत नाही, त्यामुळे साडेसातला सुटल्यावर बसस्टॉपपर्यंत एकटीने जाता येत नाही. शिफ्ट आठ ते साडेचार करून मिळावी. खिडकीसमोरची जागा बदलावी, स्क्रीनवर उजेड चमकतो. मोठा मॉनिटर मिळावा. कामाचे तास आणि महिनाअखेरचं क्लोजिंग आहे तसंच राहील. 15 तारखेपर्यंत लेखी कळवावे." अडचण काय, त्याने कुठलं काम अडतं, काय हवंय, कधीपर्यंत, एवढंच. आपण मेहेरबानी मागत नाही आहोत, त्यामुळे कृपादृष्टी, उपकार वगैरे शब्द काढून टाका.

अख्खी मेडिकल फाइल जोडायची चूकही केलीय मी. ती फाइल कोणाकोणाच्या इनबॉक्समध्ये फिरली देव जाणे. यूडीआयडी कार्डची (सरकारी दिव्यांग ओळखपत्राची) कॉपी असेल तर ती, आणि डॉक्टरांचं एक पत्र ज्यात आजाराच्या इतिहासापेक्षा "अंधारात एकटीने ये-जा करणं सुरक्षित नाही" असं कामाशी जोडलेलं वाक्य असेल, सुरुवातीला एवढं पुरतं.

आणि "माझं दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट 40 टक्क्यांच्या खाली आहे, मग मला कोण विचारतंय" असं म्हणून गप्प बसू नका. 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या गोष्टींना आहे. वाजवी सोयीसाठी (म्हणजे काम करता यावं म्हणून शिफ्ट, जागा असे बदल) ती अट नाही, सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय (त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, परीक्षेत लेखनिक हवा होता).

कायद्याचं म्हणाल तर पहिल्याच मेलमध्ये कोर्टाची धमकी नको, आणि कलम टाकायचंच तर बरोबर टाका. बरेच जण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 ठोकून देतात, पण ते सरकारी आस्थापनांसाठी आहे. खासगीवाल्यांनी कलम 21 धरायचं. प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, आणि 2017 च्या नियमांप्रमाणे 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांना काय सोयी देणार आणि यासाठी नेमलेला संपर्क अधिकारी कोण हेही लिहावं लागतं. मी नुसतं "आपल्या कंपनीच्या समान संधी धोरणाची प्रत मिळेल का" एवढंच विचारलं, आणि अडीच महिने झोपलेलं एचआर दुसऱ्या दिवशी फोनवर!

फोनवर नकार दिला तर "आपण फोनवर अमुक कारणाने नाही म्हणालात, बरोबर ना" असा मेल लगेच. काही लोकांची नाहीची हो तेवढ्यावरच होते. नाहीच झाली तर सरकारी नोकरीत तक्रार निवारण अधिकारी असतो, तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची असते, पुढे जिल्हास्तरीय समिती. महाराष्ट्रात खासगीवाल्यांनाही पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो. तिथे मेलची ट्रेल लागतेच, म्हणून सगळे मेल पर्सनल आयडीवर नाहीतर प्रिंट काढून ठेवा, नोकरी सुटली की ऑफिसचा आयडी त्याच दिवशी बंद होतो. फक्त आपलाच पत्रव्यवहार ठेवा, कंपनीचा बाकी डेटा उचलू नका.

शिफ्ट मिळाली, जागा बदलली. मॉनिटर मात्र माझ्याच अंगलट आला. कमी दिसतं म्हणजे मोठा स्क्रीन हवा असं मीच धरून चालले होते, पण माझी नजर बोगद्यातून बघितल्यासारखी अरुंद, त्यामुळे 27 इंचावर कर्सर शोधता शोधता मान दुखायला लागली. आधी कुणाकडे तरी चार दिवस बसून बघायला हवं होतं. मग परत मेल, "मोठा मॉनिटर उपयोगी पडला नाही, जुनाच द्यावा, आणि काळ्या बॅकग्राउंडची सेटिंग आयटीने अनलॉक करून द्यावी". लाज वाटली पाठवताना, पण आयटीचा पोरगा आला आणि दहा मिनिटांत करून गेला.