मसुदा तपासताना चुकलेली दिशा

जोडलेल्या उपकरणाला नेटवर्ककडून नेमके काय हवे आहे, हे उत्पादकाने लिहून द्यावे, अशी ‘मड’ (मॅन्युफॅक्चरर युसेज डिस्क्रिप्शन) या मानकाची मूळ कल्पना आहे. मार्च २०१९ मध्ये ते आरएफसी ८५२० म्हणून, म्हणजे इंटरनेट-मानकांच्या क्रमांकित दस्तऐवजमालेत, प्रसिद्ध झाले. त्याआधी इंटरनेटची मानके घडवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या ऑप्सएडब्ल्यूजी या कार्यगटात त्याच्या मसुद्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत होत्या आणि त्यांतल्या एका आवृत्तीवर मी माझा पहिला अभिप्राय लिहिला. तो पूर्णपणे चुकीचा होता. नवख्या समीक्षकांसाठी हे लिहिताना आजही थोडे अवघडल्यासारखे होते.

उपकरण डीएचसीपी किंवा एलएलडीपी या नेटवर्क-प्रोटोकॉलमधून किंवा आपल्या डिजिटल प्रमाणपत्रातून फक्त एक वेबपत्ता देते, नेटवर्कमधली ‘मड’ व्यवस्थापक ही प्रणाली त्या पत्त्यावरून उत्पादकाची स्वाक्षरी असलेली जेसन (मजकूर-स्वरूपातली) फाइल आणते आणि तिच्यावरून प्रवेश-नियम तयार करते, हे वाचकांना ठाऊक असेलच. माझी अडचण त्या फाइलच्या नमुन्यात झाली. तिच्यात नियमांच्या दोन याद्या असतात: उपकरणाकडून निघणाऱ्या पॅकेटांची एक आणि उपकरणाकडे येणाऱ्या पॅकेटांची दुसरी. पहिल्या यादीत गंतव्य पोर्ट (पॅकेट जिथे पोहोचते त्या बाजूचा सेवा-क्रमांक) ४४३, म्हणजे सुरक्षित वेबचा, होता आणि ‘डायरेक्शन-इनिशिएटेड’ या घटकाची किंमत ‘फ्रॉम-डिव्हाइस’ (उपकरणाकडून) होती. ते लगेच पटले. मात्र दुसऱ्या यादीतही, म्हणजे उपकरणाकडे येणाऱ्या पॅकेटांच्या यादीतही, तीच ‘फ्रॉम-डिव्हाइस’ किंमत दिसली. एका यादीचा मजकूर दुसरीत चिकटवताना शब्द बदलायचा राहून गेला असावा, असे मी ठरवूनच टाकले आणि ‘येथे टू-डिव्हाइस (उपकरणाकडे) करावे’ अशी दुरुस्ती ठासून सुचवली.

वस्तुतः यादीचे नाव पॅकेट कोणत्या दिशेने चालले आहे ते सांगते, तर ‘डायरेक्शन-इनिशिएटेड’ ते पॅकेट ज्या टीसीपी (दोन यंत्रांत आधी जोडणी करून संवाद साधणारा प्रोटोकॉल) जोडणीतले आहे ती कोणी सुरू केली ते सांगते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दिवा उत्पादकाच्या सर्व्हरशी ४४३ वर बोलतो असे समजा. सर्व्हरचे उत्तर दिव्याकडे येते तेव्हा ४४३ हा स्रोत पोर्ट असतो, आणि ते पॅकेट दुसऱ्या यादीत तपासले जाते. जोडणी मात्र दिव्यानेच सुरू केलेली असते, म्हणून किंमत ‘फ्रॉम-डिव्हाइस’च हवी. ती ओळ नसेल, तर त्याच नावाच्या सर्व्हरने ४४३ वरून दिव्याकडे नवीन जोडणी सुरू केली तरी नियम तिला अडवणार नाही. माझी दुरुस्ती स्वीकारली असती, तर दिव्याने स्वतः सुरू केलेल्या जोडणीची उत्तरेच अडली असती. ही किंमत फक्त टीसीपीला लागू होते. अगदी साध्या अंमलबजावणीत केवळ सिन बिट, म्हणजे जोडणी सुरू करणाऱ्या पॅकेटातली खूण, पाहूनही ती पाळता येते.

म्हणून कृपया कागद घ्या आणि प्रत्येक नियमासमोर तीन गोष्टी लिहा: पॅकेट कोणाकडून कोणाकडे चालले आहे, ४४३ कोणत्या बाजूला आहे आणि पहिले सिन कोणी पाठवले. हे बालिश वाटेल, पण मी आजही तसेच करतो.

दोन आवृत्त्यांमधला फरक तेवढा वाचून अभिप्राय देणे ही पळवाट आहे, असे माझे ठाम मत आहे. बदललेली ओळ न बदललेल्या व्याख्येवर उभी असते, आणि फरकात ती व्याख्या दिसत नाही. पायांग या तपासणी-साधनाने मसुद्यातले यांग प्रारूप (फाइलची रचना यांग या भाषेत मांडणारे वर्णन) बिनचूक ठरवले, याचा अर्थही फक्त त्याची रचना बरोबर आहे इतकाच होतो. मार्गदर्शकांविषयी सांगायचे, तर तुमचा अभिप्राय स्वतःच सुधारून देणाऱ्यापेक्षा ‘हे कोणत्या परिच्छेदात वाचलेस?’ एवढेच विचारणारा ज्येष्ठ अधिक उपयोगी पडतो. मला तसा कोणी भेटला नव्हता. भेटला असता तर उत्तर देताना तरी मी व्याख्या उघडली असती.

इतके असले तरी घाबरू नका. आयईटीएफमध्ये सदस्यत्व लागत नाही आणि अभिप्राय देण्यापूर्वी पदवी कोणी विचारत नाही. मला दोन ओळींचे शांत उत्तर आले, त्यात व्याख्येचा परिच्छेद दाखवला होता आणि शेवटी आभारही होते. शिवाय अनुभवी डोळ्यांखालून गेलेल्या मजकुरातही काम उरतेच. नियमात सर्व्हरचे डीएनएस नाव (ज्यावरून त्याचा अंकी आयपी पत्ता शोधला जातो) लिहिले, पण उपकरणाला आणि व्यवस्थापकाला त्याच नावाचे वेगवेगळे पत्ते मिळाले तर काय करायचे, या प्रश्नासाठी पुढे २०२५ मध्ये आरएफसी ९७२६ हा स्वतंत्र दस्तऐवज निघाला. असा प्रश्न नवख्यालाही पडू शकतो. मसुद्यातले ‘मस्ट’ (केलेच पाहिजे) आणि ‘शुड’ (करावे) हे इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत आहेत की लहान, हे पाहण्याइतका धीर मात्र हवा, कारण आरएफसी ८१७४ नुसार ते शब्द मोठ्या अक्षरांत असतील तरच त्यांचा विशेष अर्थ लागू होतो.

मसुद्याची मुदत सहा महिन्यांची असते, पण सुधारित आवृत्ती आली की ती नव्याने सुरू होते. त्यामुळे त्या तारखेची धास्ती घेऊ नका. कार्यगट मसुदा पुढे पाठवण्यापूर्वी अखेरचे अभिप्राय मागवतो, ती तारीख मात्र खरी असते. तिच्या आदल्या रात्री घाईने लिहायला बसू नका. माझा तो अभिप्राय मी तेव्हाच लिहिला होता.