दादांच्या आठवणी आणि पब्ली: घरच्या संगणकावरून ब्लॉग

लालबागच्या आमच्या चाळीत रेंज येते ती खिडकीपाशी. दादा मात्र गिरणीतल्या दिवसांबद्दल बोलायला लागतात ते रात्री जेवणं झाल्यावर, आतल्या खोलीत. ते बोलतात, मी टाइप करते. पूर्वी मी थेट ब्राउझरमध्ये लिहायचे. एकदा नेट गेलं आणि १९८२च्या संपाचा अख्खा भाग उडाला. तेच दादांना पुन्हा सांगायला लावताना जिवावर आलं होतं. तेव्हापासून पब्ली (Publii) हे ब्लॉग बनवायचं सॉफ्टवेअर वापरते.

पब्ली मुक्तस्रोत आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. लिहिलेलं सगळं आपल्याच संगणकात राहतं. नेट लागतं ते शेवटी साइट वर चढवताना. फोनवरून लिहिता येत नाही, हे आधीच सांगते.

पब्ली उतरवून घ्या, नवी साइट उघडा, नाव द्या. नवी पोस्ट करताना ते तीन एडिटर दाखवतं. वर्डची सवय असेल तर पहिला, विझिविग, घ्या. थीम निवडण्यात संध्याकाळ घालवू नका, ती नंतर बदलता येते.

मराठी टायपिंगकडे मात्र नीट लक्ष द्या. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर वाचणाऱ्याला भलतीच अक्षरं दिसतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. दुसरी गोष्ट, 'पायऱ्या'. साध्या 'र'ने टाइप केलं की 'पायर्या' होतं, रफार वर जाऊन बसतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट धरून 'J' दाबा, 'ऱ' येईल. मग 'D' नुसतं दाबून हलन्त, मग 'य' आणि काना. दादा गिरणीच्या पायऱ्यांवर भेटलेल्या माणसांबद्दल इतकं बोलतात की हा शब्द चुकलेला मला बघवत नाही.

आता प्रकाशन. मी गिटहब पेजेस वापरते, म्हणजे गिटहबची साइट ठेवायची सेवा. तिथली साइट १ जीबीपर्यंत ठेवता येते, लिखाण आणि बेताचे फोटो यांना ते खूप झालं. गिटहबवर खातं काढा आणि एक सार्वजनिक रिपॉझिटरी, म्हणजे फाइली ठेवायची जागा, करा. तिचं नाव म्हणजे तुमचं युजरनेम आणि त्यापुढे डॉट गिटहब डॉट आयओ. ती करतानाच रीडमी फाइल घालण्याची खूण करा, नाहीतर ब्रँच, म्हणजे त्या फाइलींची शाखा, तयारच होत नाही आणि पब्ली अडून बसतं. मग गिटहबच्या सेटिंगमधून टोकन, म्हणजे पासवर्डसारखी किल्ली, काढा, 'रेपो'ची परवानगी द्या. टोकन एकदाच दिसतं, लगेच उतरवून ठेवा. पब्लीच्या सर्व्हर विभागात युजरनेम, रिपॉझिटरी, ब्रँच आणि टोकन भरा, जोडणी तपासा, आणि साइट वर चढवणारं सिंकचं बटण दाबा. मी त्या वेळी लॅपटॉप घेऊन खिडकीत बसते.

टोकनची मुदत संपली की सिंक अडतं. घाबरू नका, लिखाण जागेवरच असतं. नवं टोकन काढून भरा.

डॉक्युमेंट्समध्ये पब्ली नावाचा फोल्डर असतो, त्यात 'साइट्स'. तो फोल्डर दर रविवारी पेनड्राइव्हवर उतरवा, पब्ली बंद करून. माझा पेनड्राइव्ह दादांच्या गिरणीच्या ओळखपत्राशेजारी, कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात असतो.