कारण नसताना वजन उतरू लागल्यास काय करावे

वजन खरोखर किती उतरले, हे आधी आकड्यांत पाहावे. एकाच काट्यावर, आठवड्यातून एकदा, सकाळी न्याहारीपूर्वी वजन करून तारखेसह लिहून ठेवावे. जुनी नोंद नसेल तर बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या का, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले का, हे आठवावे. आहार-व्यायाम पूर्वीसारखाच असताना 6 ते 12 महिन्यांत 5 टक्क्यांहून अधिक वजन घटले, म्हणजे 60 किलोच्या व्यक्तीचे 3 किलोंहून जास्त गेले, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. लग्नकार्यात भेटणारे नातलग 'बारीक झालात, छान दिसता' म्हणतात, आणि त्या कौतुकात मोलाचे महिने निघून जातात, याची मला फार काळजी वाटते.

यानंतर भूक कशी आहे, ते नीट पाहावे, कारण डॉक्टरांना पुढची दिशा बहुधा त्यावरूनच मिळते. जेवण व्यवस्थित असूनही वजन उतरत असेल, तहान फार लागत असेल व रात्री वारंवार लघवीला उठावे लागत असेल, तर मधुमेहाची शक्यता असते. छातीत धडधड, हातांना कंप आणि उकाडा सहन न होणे ही लक्षणे थायरॉइडच्या अतिकार्याकडे बोट दाखवतात. वरचेवर जुलाब, पोटफुगी व रक्तक्षय असल्यास सिलिअॅक आजार, म्हणजे गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला होणारी इजा, तपासावा लागतो. इंदूरमध्ये आपल्या ताटात दोन्ही वेळा गव्हाची पोळी असते. तरीही या आजाराच्या रक्ततपासणीपूर्वी ती स्वतःहून बंद करू नये, कारण गहू सोडल्यावर आजार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते.

भूकच मेली असेल तर क्षयरोग, कर्करोग, मूत्रपिंड किंवा यकृताचे विकार आणि नैराश्य यांचा विचार होतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री दरदरून घाम असल्यास इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जावे. तेथे क्षयाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. मुले पुण्या-बंगळुरूला आणि आई-वडील इंदूरला एकटे, अशा घरांत सैल झालेली कवळी, एकटेपणा, विसरभोळेपणा किंवा मधुमेहावरील मेटफॉर्मिनसारखे भूक मंदावणारे औषध हेही कारण असू शकते. औषध मात्र परस्पर थांबवू नये.

डॉक्टरांकडे जाताना वजनाची वही आणि चालू असलेली सर्व औषधे, काढे-चूर्णांसह, सोबत न्यावीत. रक्तगणना, साखर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या, लघवी, एचआयव्ही व छातीचा एक्स-रे येथून सुरुवात होते. गिळताना अडकणे, काळी शौचास होणे, रक्त पडणे, कावीळ किंवा नवी गाठ दिसल्यास मात्र थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे.

पहिल्या तपासण्या निर्दोष आल्या, तरी साप्ताहिक नोंद चालू ठेवावी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत, बहुधा तीन महिन्यांच्या आसपास, पुन्हा दाखवावे. वजन त्याआधीच आणखी उतरले तर मुदतीची वाट पाहू नये.